सुनंदाच्या ब्रॅडवेलचे वारसदार

२००२ सालच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, माझी पत्नी सुनंदा अल ऐनमध्ये वारली. ती तिथल्या इस्पितळात परिचारिका होती. सकाळी ती ड्युटीवर गेली आणि दुपारी तिचं हृदय थांबलं. कराडला फोन आला तेव्हा मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवत होतो. तिला घरी आणलं. तिची गाडी तिकडेच राहिली.

त्या गाडीसाठी मी एप्रिलमध्ये संयुक्त अरब अमिरातीत गेलो. परत आल्यापासून लोक विचारतात, दुबई कशी आहे? दुबईत मी विमानतळ पाहिला आणि विमानतळाबाहेरचा वाहनतळ पाहिला. सोन्याच्या बाजाराबद्दल मला काही सांगता येणार नाही. ब्रॅडवेल नावाच्या अमेरिकन गाडीबद्दल मात्र बरंच सांगता येईल, आणि ते ऐकण्याची कुणाची तयारी नसते, म्हणून लिहितो आहे.

सुनंदा दहा-अकरा वर्षं तिकडे होती. दर उन्हाळ्यात सुट्टीवर यायची. ब्रॅडवेल तिने तिथे गेल्यावर तिसऱ्या वर्षी घेतली, तीही जुनी. तेव्हा तिने लिहिलं होतं, ‘आपलं स्वयंपाकघर पडवीसकट हिच्यात मावेल.’ सुनंदा पाच फुटांना थोडी कमीच होती. दोन उशा खाली घेतल्याशिवाय तिला समोरचा रस्ता दिसत नसे, आणि मागून येणाऱ्याला गाडीत कुणी दिसत नसे. एकदा बिनचालकाची गाडी चालली आहे असं समजून पोलिसाने तिला थांबवलं होतं. हिने त्याचे डोळे पिवळे दिसतात म्हणून त्यालाच काविळीच्या तपासणीला बोलावलं.

‘एकदा ये, तुला हफीतच्या डोंगरावर नेते,’ असं ती दर वर्षी म्हणायची. पण आई अंथरुणावर होती, आणि शिवाय सुनंदा येतच होती, म्हणून माझं जाणं झालं नाही.

गाडी ठेवून मी काय करणार होतो? मला सायकलपलीकडचं वाहन येत नाही. ती कुणाला तरी द्यायची होती. एकच गोष्ट मी घरून ठरवून निघालो होतो. जो कुणी घेईल त्याने ती अख्खी ठेवावी. मोडू नये.

दुबई ते अल ऐन

विमानतळावर दाऊदभाई आले होते. दाऊदभाई मूळचे श्रीवर्धनचे. अल ऐनच्या सनायात, म्हणजे कारखाने आणि गॅरेजांच्या वस्तीत, त्यांचं गॅरेज आहे. त्यांची पत्नी हमीदाभाभी ही सुनंदाची शेजारीण आणि मैत्रीण. व्हिसा, गाडीची कागदपत्रं, सगळं त्यांनीच उरकून ठेवलं होतं.

“या मास्तर,” ते म्हणाले.

“मी मास्तर नाही. ग्रंथपाल.”

“पुस्तकवाले म्हणजे मास्तरच. ही बगा तुमची अमानत.”

गाडी आकाशी रंगाची होती. तिचा पुढचा भाग दिसला, आणि मागचा भाग दिसायला मला थोडं चालावं लागलं. मागचं उजवं दार मात्र जरा वेगळ्या आकाशी रंगाचं होतं. उन्हाने विटलं असेल असं मी धरून चाललो. चालकाच्या जागी दोन उशा होत्या. सुनंदाच्या हिरव्या इरकलीचे अभ्रे मी लगेच ओळखले. दाऊदभाईंनी त्या उचलून माझ्या मांडीवर दिल्या, आणि मग चार दिवस मी त्या गाडीत बसलो की त्या माझ्या मांडीवरच असत.

गाडी सुरू झाली तशी बर्फाच्या कारखान्याचं दार उघडावं तशी हवा तोंडावर आली. बाहेर चाळीसच्या वर तापमान होतं. मी शबनममधून माकडटोपी काढून घातली.

दाऊदभाई बघतच राहिले. “मास्तर, वाळवंटात माकडटोपी?”

“सुनंदाने लिहिलं होतं, एसी फार आहे.”

“फार म्हणजे काय! त्याचं बटन ‘मॅक्स’वर अडकलंय. पाच वर्षं झाली. अमेरिकेतल्या गरम मुलखासाठी बनवलेला एसी हाय तो. ताई शाल घेऊन चालवायच्या. पेशंट सर्दीचे आणि नर्सलाच सर्दी!”

दोन्ही बाजूंना तांबूस वाळूचे डोंगर होते आणि त्यांच्या कडेने, ठिबकच्या नळ्या पायात घालून उभी केल्यासारखी, झाडांची रांग. मला वाळू पिवळी असते असं वाटत होतं. पुस्तकांतली चित्रं कुणी काढली कोण जाणे.

वाटेत एका टपरीसमोर दाऊदभाईंनी गाडी उभी केली आणि जोरात हॉर्न वाजवला. मी दचकलो. आमच्याकडे चहावाल्याला असा हॉर्न दिला तर तो फडकं घेऊन मारायला येईल. इथे एक मल्याळी गृहस्थ हसत चहाचे दोन कप घेऊन गाडीपर्यंत आले. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न द्यायचा, हीच इथली पद्धत. चहा दाट, गोड, वेलदोड्याचा.

“किती झाले?” मी विचारलं.

“एकेक दिरहम. म्हणजे आपले तेरा रुपये. आता तुमी तेराने गुणत बसू नका, मास्तर. पहिलं वर्ष सगळे गुणतात आणि चहा सोडतात.”

माझं मनात गुणून झालं होतं. चहा तरीही प्यायलो.

अल ऐन: समाचाराला आलेली माणसं

अल ऐन हे खजुरींचं आणि गोलचक्करांचं गाव आहे. उंच इमारती नाहीत. हमीदाभाभींनी तांदळाच्या भाकऱ्या, कोकम घातलेलं सुरमईचं कालवण आणि सांदणं केली होती. घरात त्यांची मुलगी नाझनीन, आठवीतली. आईबाप मराठीत विचारत आणि ती इंग्रजीत उत्तर देत होती.

“नाझनीन, काकांना विचार आणखी भाकरी हवी का.”

“अंकल इज ऑलरेडी फुल, मम्मी. लुक ॲट हिम.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद बशीर समाचाराला आले. हे सुदानचे, शाळेत भूगोल शिकवणारे, दारातून वाकून आत येण्याइतके उंच. दोन्ही तळहात वर करून त्यांनी प्रार्थना म्हटली. मीही तळहात वर केले. ते खाली कधी घ्यायचे हे न कळल्याने त्यांची प्रार्थना संपल्यावरही मी काही वेळ तसाच बसून होतो. मग त्यांनी माझी, माझ्या आईची, कराडच्या हवामानाची आणि नदीची चौकशी केली. हे सगळं इंग्रजीत. बोलताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून खिडकीबाहेर जात होती. खिडकीबाहेर ब्रॅडवेल उभी होती.

“तुमच्याकडेही हीच गाडी आहे?” मी विचारलं.

एवढं विचारायचाच अवकाश होता.

“सर, ब्रॅडवेल हा एक सुतार होता,” ते म्हणाले. “चर्चची बाकं बनवायचा. म्हणून या गाडीच्या सीटवर बसलं की पाठ ताठ होते आणि स्वतःची पापं आठवतात. त्याला कुणीतरी घोडागाडीची सीट करायला सांगितली. मग बिनघोड्याच्या गाडीची. मग त्याच्या मुलांना वाटलं, सीट आपलीच आहे, तर खाली चाकं का लावू नयेत?”

पुढची हकिगत बरीच लांब होती, आणि कारखान्याची प्रत्येक पिढी गाडीही लांब करत गेली होती. अमेरिकेत पेट्रोल महागलं, तेव्हा लोक छोट्या जपानी गाड्या घेऊ लागले. ब्रॅडवेलच्या मंडळींनी नकाशा उघडून पेट्रोल स्वस्त कुठे आहे ते पाहिलं, आणि जहाजं भरून गाड्या आखातात आल्या. इथे त्या वीस वर्षं राजासारख्या राहिल्या.

“आणि आता?”

“कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली. गेल्या वर्षी त्यांनी जाहीर केलं. ब्रॅडवेल बंद. खलास.” त्यांचा आवाज बदलला. “आता एक स्क्रूसुद्धा नवा येणार नाही, सर.”

समाचाराला आलेल्या माणसाला मी पाणी आणून दिलं. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, “फार सुंदर आहे सिस्टरची गाडी.”

आता आमच्याकडे कुणी आपल्या वस्तूचं कौतुक केलं की काय म्हणतात? मी म्हणालो, “आपलीच समजा.”

उस्ताद बशीरांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. शोकाची ही त्यांच्याकडची रीत असावी असं मला वाटलं. नंतर मी त्यांना त्यांच्या ब्रॅडवेलमध्ये बसताना पाहिलं. चालकाच्या बाजूचं दार उघडत नसल्याने एवढा उंच माणूस पलीकडच्या दारातून शिरला आणि गुडघे कानांशी नेत या टोकाला आला.

संध्याकाळी अबू सईद आले. हे इथले मूळ रहिवासी, साठीच्या पुढचे, पांढरा कंदुरा म्हणजे पायघोळ अंगरखा घातलेले, खजुराची पेटी घेऊन. जुन्या व्यापारामुळे त्यांना हिंदी येत होती.

“सिस्टर सुनंदा अच्छा औरत,” ते म्हणाले. “बहुत गुस्सा. हमारा शुगर था, हम खजूर छुपाके खाया. वो खून देखके पकड़ लिया. इतना चिल्लाया! हमारा माँ भी नहीं चिल्लाया. लेकिन अच्छा औरत.”

तिकडे गेल्यापासून मला पहिल्यांदाच हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांनी माझ्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहिलं. ते कशाकडे पाहत होते हे मला त्यांना निरोप द्यायला खाली गेल्यावर कळलं. त्यांचीही गाडी ब्रॅडवेलच होती, तिचा मागचा डावा दिवा बकरीने फोडला होता आणि तिथे मिठाईच्या खोक्यावरचा लाल कागद चिकटवला होता. सुनंदाच्या गाडीच्या दिव्यावरून त्यांनी हात फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

“माशाल्ला. बहुत अच्छा गाड़ी.”

“आपही की समझिए,” मी म्हणालो.

सनाया

तिसऱ्या दिवशी दुपारी दाऊदभाई सनायातल्या गॅरेजातून तावातावाने घरी आले.

“मास्तर, तुमी कोणाला काय बोललात?”

“मी? काही नाही.”

“तो बशीर माझ्याकडं दार काढायचा पाना मागतोय. म्हणतो, गाडी सरांनी मला दिली. तेवढ्यात अबू सईदचा फोन. म्हणतो, माझी गाडी मी शुक्रवारी न्यायला येतो, इन्शाल्ला. अहो, एक गाडी किती जणांना दिलीत?”

“कुणालाच नाही! मी फक्त ‘आपलीच समजा’ म्हणालो.”

दाऊदभाईंनी कपाळाला हात लावला. “आपल्याकडं ‘आपलीच समजा’ म्हणलं की माणूस ‘हॅ हॅ’ करतो आणि घरी जातो. ‘जेवून जा’ म्हणलं की चप्पल घालतो. हितं तसं नाय, मास्तर! हितं दिली म्हणजे दिली. तुमी आता नाय म्हणालात तर अबू सईद काय बोलायचा नाय, पण जन्मभर लक्षात ठेवेल.”

“पण मला ती अख्खी द्यायची आहे. कुणीतरी एकाला. मोडायची नाही.”

आतून हमीदाभाभी हात पुसत आल्या. “भाऊजी, वारस दोन नाहीत. तीन आहेत. आमच्या ह्यांना विचारा, ह्यांच्या गाडीला रिव्हर्स पडत नाही ते किती दिवस झाले.”

“हमीदा!”

“काय हमीदा? वर्षभर माणूस उलटा गेलेला नाही. गोलचक्कराला वळसा घालून घालून घरी येतात. दिवसभर सुनंदाच्या गिअरबॉक्सकडे बघतात आणि मला म्हणतात, मागायला जीभ उचलत नाही.”

दाऊदभाई भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहू लागले. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. तिच्या गाडीवर सगळ्यांचा डोळा होता. मी तसं बोलून दाखवलं. फार हळू बोललो, पण बोललो.

“अंकल, इट्स ओन्ली अ कार,” नाझनीन म्हणाली.

“गप बस तू,” हमीदाभाभी म्हणाल्या. मग माझ्यासमोर बसल्या. “भाऊजी, ते मागचं वेगळ्या रंगाचं दार पाहिलंत?”

“विटलंय ते.”

“विटलेलं नाही. ते सीरियाच्या एका दातांच्या डॉक्टरांच्या गाडीचं आहे. ते गेले तेव्हा सुनंदा समाचाराला गेली, बेसनाचे लाडू घेऊन. मी सोबत होते. रडली, त्यांच्या बायकोला जवळ घेतलं, सगळं केलं. आणि निघताना विचारलं, गाडीचं मागचं दार शाबूत आहे का? येताना लाडवांचा डबा तिकडेच राहिला आणि आम्ही दार घेऊन आलो.”

“दार?”

“टॅक्सीच्या टपावर. मी एका खिडकीतून धरलं, तिने दुसऱ्या.”

दाऊदभाईंना आता धीर आला. “हॉर्न एका अंड्याच्या व्हॅनचा हाय. रेडिएटर अजमानहून आणला. पुढची काच तर ताई स्वतः पसंत करून आल्या, साडी पसंत करावी तशी. हे सगळे ब्रॅडवेलवाले असेच, मास्तर. एकाची बसली की बाकीच्यांच्या चालतात. कंपनी बंद झाल्यावर दुसरं काय करणार?”

मी त्या रात्री बराच वेळ गाडीची माहितीपुस्तिका वाचत होतो. मूळ गाडीत काय काय असतं ते त्यात होतं. त्यातलं खाली उभ्या असलेल्या गाडीत किती उरलं होतं याचा मी अंदाज घेत होतो, आणि अंदाज फारसा जमत नव्हता.

हफीतचा डोंगर

शुक्रवारी नमाजानंतर दोघेही आले. बशीर स्वतःचा पाना घेऊन आणि अबू सईद स्वतःचे खजूर घेऊन. एकमेकांना पाहून दोघे इतक्या आदराने एकमेकांची विचारपूस करू लागले की ती संपण्याचं चिन्ह दिसेना.

“आधी डोंगर,” हमीदाभाभी मध्येच म्हणाल्या. “सुनंदा भाऊजींना नेणार होती. गाडी कोणाची ते वर गेल्यावर ठरवा. यल्ला, बसा.”

चर्चच्या बाकाचा मोठेपणा मला तेव्हा कळला. पुढे आम्ही चार पुरुष बसलो: दाऊदभाई, मांडीवर उशा घेतलेला मी, अबू सईद आणि दाराशी बशीर. मागे हमीदाभाभी, नाझनीन आणि जेवणाचे डबे. पाठी सगळ्यांच्याच ताठ होत्या.

रस्ता काळाभोर, गुळगुळीत, आणि डोंगर मात्र पूर्ण बोडका. हिरवं पान नाही. आमच्या सह्याद्रीला पावसाळ्यात निदान कपडे असतात. अर्ध्यावर गाडी कण्हू लागली आणि काटा लालात गेला.

“इंजिन तापलं,” दाऊदभाई म्हणाले. “एसी बंद करायला पायजे.”

“तो बंद होत नाही ना?”

“फ्यूज काढतो. आणि हीटर लावतो.”

“हीटर?” चारही बाजूंनी विचारणा झाली.

“इंजिनची गरमी आत घ्यायची, म्हंजे ते थंड होतं. नायतर हितंच रात काढा.”

अशा रीतीने एप्रिलच्या दुपारी, अरबस्तानच्या उन्हात, आम्ही सहा जण हीटर लावून डोंगर चढलो. बशीरांनी खिडकीतून जमेल तेवढं अंग बाहेर काढलं. अबू सईद डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. दाऊदभाईंच्या भुवयांवरून घाम ओघळत होता. नाझनीन इंग्रजीत आईला जाब विचारत होती, आणि हमीदाभाभी डब्यातलं कालवण परत गरम झालं म्हणून समाधानी होत्या.

“सिस्टर अकेला भी ऐसा ही जाता था,” अबू सईद डोळे न उघडता म्हणाले. “नीचे आके बोला, अबू सईद, आज हमारा घाम निकला, तुम भी थोड़ा चलो, शुगर कम होगा.”

वर वारा होता. खाली अल ऐन खजुरींच्या पट्ट्यासारखं पसरलं होतं आणि पलीकडे ओमानचे डोंगर. सुनंदा मला इथे कुठे उभं करणार होती ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी कठड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आलो. सगळीकडे उभा राहिलो.

परत आल्यावर मी अबू सईदना विचारलं, “आप पूरी गाड़ी रखेंगे? ऐसी ही? तोड़ेंगे नहीं?”

त्यांनी नीट विचार केला. “आप बोलेगा तो रखेगा. वल्लाह, बाग में रखेगा. लेकिन खड़ा रहेगा. हमारे पास एक है. धूप खाएगा. मुर्गी अंदर जाके अंडा देगा.” मग थोडं थांबून म्हणाले, “सिस्टर को मुर्गी अच्छा नहीं लगता था.”

हे खरं होतं. कराडलाही ती शेजारच्या कोंबड्यांना अंगणात येऊ देत नसे.

ब्रॅडवेलच्या बॉनेटमधून वाफ येत होती. बशीरांनी हातातला पाना पाठीमागे धरला होता, मला दिसू नये म्हणून.

“दार कुठल्या बाजूचं?” मी त्यांना विचारलं.

ते क्षणभर गोंधळले. “चालकाच्या, सर.”

“अबू सईद, आपको बत्ती चाहिए. बायीं.”

“बायीं. बकरी ने तोड़ा.” त्यांनी छातीवर हात ठेवला.

दाऊदभाई ओमानकडे पाहत होते. “आणि गिअरबॉक्स?” मी विचारलं.

“कसला गिअरबॉक्स? मी कुठं काय बोललो?”

“दाऊदभाई, आपलाच समजा,” मी म्हणालो.

ते वळले. “हे कराडचं ‘समजा’, का हितलं?”

“इथलं.”

त्यांनी मान खाली घातली आणि नाक ओढलं. “घाम हाय,” ते म्हणाले. हमीदाभाभींनी तिथेच बॉनेटवर डबे उघडले. कालवण गरमच होतं.

पुन्हा सनाया

शनिवारी गॅरेजात पहिला बोल्ट मीच सोडवला. आधी मी तो उलट्या बाजूने फिरवून आणखी घट्ट केला. बशीरांनी माझा हात धरून बाजू बदलली. दार निघालं तेव्हा दोघांनी धरलं. संध्याकाळी बशीर आपल्या गाडीचं नवं दार उघडून आत बसले, उतरले, पुन्हा बसले. दाऊदभाई गॅरेजाच्या अंगणात वर्षभराने उलटे गेले आणि दोन टायरांच्या ढिगांवर आदळले. हमीदाभाभींनी टाळ्या वाजवल्या. अंधार पडल्यावर अबू सईद दिवे लावून आमच्यासमोरून हळूहळू गेले. आम्ही मागे उभे राहून पाहिलं. दोन्ही बाजूंना लाल होतं.

उरलेलं धूड दोन दिवसांनी भंगारवाल्याने नेलं. ते पाहायला मी थांबलो नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. दाऊदभाईंचा मधूनमधून फोन येतो. बशीरांचं दार अजून उघडतं. अबू सईदांचा दिवा लागतो. दाऊदभाई रिव्हर्समध्ये घरी येतात, गरज नसली तरी. मी दोन्ही उशा कराडला आणल्या. एक ग्रंथालयातल्या माझ्या खुर्चीवर आहे. दुसरी घरी आहे.